फोडणीचा ठसका आणि आगीचा धूर : घरात अलार्म कुठे, कोणता आणि कसा

घरात धुराचा अलार्म बसवला की त्याची पहिली परीक्षा आठवड्याभरात स्वयंपाकघरातच होते. तांबड्या रश्श्याची फोडणी पडते, कांदा-लसूण चटणी तेलात उतरते, घरभर ठसका लागतो आणि छतावरची पांढरी डबी किंचाळायला लागते. दोन-तीनदा असं झालं की कुणीतरी स्टुलावर चढून बॅटरी काढतं. ऐन वेळी अलार्म न वाजण्याची जी कारणं आहेत त्यांत हे फार मोठं. यंत्र धडधाकट असतं, फक्त त्याचा जीव काढून ड्रॉवरमध्ये ठेवलेला असतो. म्हणून अलार्म घेण्याआधी तो नेमकं काय ओळखतो हे समजून घ्यायला हवं.

ठसका मिरचीतल्या कॅप्सायसिनचा. अलार्मला कॅप्सायसिन कळत नाही, वासही येत नाही. त्याला कळतात ते हवेत तरंगणारे कण, आणि कडकडीत तेलातून उडालेले सूक्ष्म थेंब त्याच्या लेखी धूरच असतात. हे कण ओळखायच्या दोन पद्धती आहेत. प्रकाशीय अलार्मच्या आत एक काळोखी कोठडी असते. तिच्यात एक छोटा दिवा आणि एक संवेदक एकमेकांच्या थेट समोर येणार नाहीत असे बसवलेले असतात. कौलातून आलेल्या कवडशात धूळ चमकते, तसा धूर आत शिरला की प्रकाश विखुरतो, त्यातला थोडा संवेदकावर पडतो आणि भोंगा वाजतो. दुसरा प्रकार आयनीकरणाचा. त्यात अमेरिसियम-२४१ या किरणोत्सारी मूलद्रव्याचा अत्यल्प अंश असतो. त्याच्यामुळे आतल्या हवेतून अतिशय क्षीण विद्युतप्रवाह वाहत राहतो. धुराचे कण हवेतल्या आयनांना, म्हणजे विद्युतभारित कणांना, चिकटले की प्रवाह घटतो आणि अलार्म वाजतो.

भडकलेल्या ज्वाळेतले कण फार बारीक असतात, ते आयनीकरणाच्या अलार्मला लवकर कळतात. पण फोडणीतले कणही तितकेच बारीक, त्यामुळे हाच अलार्म स्वयंपाकावर जास्त बोंबलतो. गादीत धुमसणारी ठिणगी, सोफ्याचा फोम, आतल्या आत जळणारी वायर यांचा धूर जाड कणांचा असतो आणि तो प्रकाशीय अलार्मला आधी सापडतो. रात्री झोपेत घात करणाऱ्या आगी पुष्कळदा अशाच धुमसत सुरू होतात. आपल्या स्वयंपाकाची तऱ्हा पाहता घरासाठी प्रकाशीय प्रकारच घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

खरेदीत एक घोटाळा हमखास होतो. ऑफिस-हॉस्पिटलच्या छतावर दिसणारा डिटेक्टर स्वस्त मिळतो म्हणून घरी आणला जातो. तो २४ व्होल्टवर चालतो आणि त्याला नियंत्रण पॅनेलची जोड लागते. त्याच्या पोटात बॅटरी नसते, भोंगाही नसतो. घराला हवा तो स्वतंत्र अलार्म : स्वतःची बॅटरी, स्वतःचा भोंगा, ३ मीटरवर ८५ डेसिबल आवाज, आणि खोक्यावर ईएन १४६०४ किंवा यूएल २१७ यांपैकी एका मानकाचा उल्लेख. दहा वर्षांची सीलबंद लिथियम बॅटरी असलेला मिळाला तर उत्तम, कारण ती काढताच येत नाही.

आता जागा. एकच अलार्म परवडत असेल तर तो झोपायच्या खोल्यांबाहेरच्या पॅसेजमध्ये लावा. नंतर प्रत्येक बेडरूममध्ये एक आणि प्रत्येक मजल्यावर किमान एक. शेगडीपासून ३ मीटर आणि बाथरूमच्या दारापासून एक मीटर तरी लांब, कारण वाफही त्याला फसवते. देवघरातल्या धूप-उदबत्तीच्या बरोबर वर लावू नका.

आपल्याकडची खरी अडचण छताचा पंखा. पात्याच्या टोकापासून अलार्म निदान ९० सेंटिमीटर दूर हवा, नाहीतर वारा धुराला त्याच्यापर्यंत पोचू देत नाही. १२०० मिलिमीटरच्या पंख्याचं पातं मध्यापासून ६० सेंटिमीटर जातं, म्हणजे मध्यापासून दीड मीटर मोकळं सोडावं लागतं. दहा बाय दहाच्या खोलीत तेवढ्यात भिंतच येते! उपाय कर्णाचा आहे. पंख्यापासून कोपऱ्याच्या दिशेने १.८ मीटर मोजा. ही जागा दोन्ही भिंतींपासून साधारण २५ सेंटिमीटरवर येते आणि पात्याच्या टोकापासून सव्वा मीटरच्या आसपास राहते. अगदी कोपऱ्यात खुपसू नका, भिंत आणि छत मिळतात तिथल्या १० सेंटिमीटरमध्ये हवा कोंडून राहते आणि धूर उशिरा पोचतो.

कोल्हापुरात शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांचं गणित वेगळं. माडीच्या लाकडी छताला तुळया असतात. त्यांची जाडी फुटाच्या आत असेल तर अलार्म तुळईच्या खालच्या अंगाला लावला तरी चालतो. जिना धुराला धुराड्यासारखा वर ओढतो, म्हणून एक अलार्म जिन्याच्या माथ्यावर हवाच. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला लागलेली आग सगळ्या कोल्हापूरने पाहिली; वाळलेलं जुनं लाकूड पेटल्यावर किती कमी वेळ हातात उरतो हे इथे वेगळं सांगायला नको. पत्र्याच्या खोलीत मात्र एक पथ्य आहे. पुष्कळ अलार्म ३८ ते ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात आणि मे महिन्यात पत्र्याखाली त्याहून जास्त तापतं. तिथे आणि स्वयंपाकघरात उष्णतेचा अलार्म लावावा. तो साधारण ५७ अंशांना वाजतो, फोडणीला दाद देत नाही. पण धुराच्या अलार्मपेक्षा तो बराच उशिरा जागा होतो, म्हणून झोपायच्या खोलीत त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

देखभाल थोडी आहे, पण ती करावीच लागते. महिन्यातून एकदा झाडूच्या दांड्याने बटण दाबून आवाज ऐका. उदबत्तीचा धूर सोडून तपासू नका, त्याचा चिकट थर आत बसतो. तीन महिन्यांनी मऊ ब्रशने धूळ आणि किडे काढा. पावसाळ्यात दिव्याभोवती जमणारे किडे आतल्या कोठडीत शिरले की रात्री-अपरात्री खोटी बोंब होते. दर मिनिटाला एखादी चिवचिव ऐकू आली तर बॅटरी संपत आली आहे. रंगकामाच्या वेळी अलार्म झाका, काम झाल्यावर झाकण आठवणीने काढा. उत्पादनाच्या तारखेला दहा वर्षं झाली की बटण दाबल्यावर वाजत असला तरी बदला.

धुराच्या अलार्मला गॅसगळती कळत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत पसरतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण २ ते ९ टक्के झालं की ठिणगी पुरते. त्याचा वेगळा डिटेक्टर जमिनीपासून ३० सेंटिमीटरच्या आत लावावा. पाइपने येणारा गॅस मिथेन असतो, तो हलका, म्हणून त्याचा डिटेक्टर छताजवळ. वास आला तर कुठलंही बटण चालू करू नका आणि बंदही करू नका, कारण दोन्हीत ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ वर फोन करा. शेगडीची नारंगी नळी पाच वर्षांत बदलावी. तिच्यावर तारीख छापलेली असते.

वायरिंगबद्दल एकच गोष्ट सांगतो, पण ती कोल्हापूरची आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीची कुंभार गल्ली इथल्या घरांत स्विचबोर्ड पाण्याखाली गेले. वाळवून परत चालू केलेल्या बोर्डात स्क्रूखाली गंज धरतो, तिथला रोध वाढतो आणि गीझर किंवा इस्त्री लावली की तेवढीच जागा तापत जाते. एमसीबी पडत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. पिवळी पडलेली सॉकेटची फट, जळक्या प्लास्टिकचा वास, सैल बसणारा प्लग ही त्याची लक्षणं. पाण्यात बुडालेले स्विच आणि सॉकेट बदलूनच टाकावेत.

कढई पेटली तर गॅस बंद करून पालथं झाकण किंवा मोठी परात कडेने सरकवून ठेवा आणि थंड होईपर्यंत उचलू नका. पाणी कधीही नाही. तेलाखाली गेलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते, ती सुमारे १७०० पट पसरते आणि जळतं तेल छतापर्यंत उडवते. एबीसी पावडरचं २ किलोचं अग्निशामक स्वयंपाकघराच्या दाराशी टांगा, शेगडीशेजारी नको, कारण ज्वाळेतून हात घालून ते काढता येणार नाही. ते आठ-दहा सेकंदांत रिकामं होतं. पिन काढा, दोन मीटरवरून आगीच्या बुडाशी धरा, पाठीशी बाहेरचं दार ठेवा. तेवढ्यात विझलं नाही तर निघा.

निघणं मात्र सोपं असलं पाहिजे. घरोघरी खिडक्यांना चारी बाजूंनी वेल्ड केलेलं ग्रिल असतं. प्रत्येक झोपायच्या खोलीतल्या एका ग्रिलला आतून उघडणारी झडप करून घ्या, तिची किल्ली खिळ्यावर त्याच खोलीत ठेवा. मुख्य दाराला रात्री आतून कुलूप लावत असाल तर त्या किल्लीचीही जागा ठरलेली हवी. ई-स्कूटर जिन्याखाली किंवा दारात चार्ज करू नका. लिथियम बॅटरी पेटली तर बाहेर पडायची वाटच बंद होते. झोपताना खोलीचं दार लोटून घ्या, बंद दार धूर आणि उष्णता बराच वेळ अडवतं. पण दारामागे बाहेरचा अलार्म दबका ऐकू येतो, म्हणूनच आत एक हवा. नेहमीच्या अलार्मचा सूर ३००० हर्ट्झच्या आसपास, चिरका असतो. लहान मुलं त्या आवाजाने पुष्कळदा जागी होत नाहीत आणि आजी-आजोबांना उतारवयात नेमके हेच सूर कमी ऐकू येतात. कोण कुणाला उठवणार, हे आधीच ठरवा.

धूर असेल तर वाकून, जमिनीलगत चला. दाराला हाताची पाठ लावून पाहा, गरम असेल तर उघडू नका. लिफ्ट वापरू नका. बाहेर आल्यावर जमायची एक जागा ठरवून ठेवा, म्हणजे आत कुणी राहिलं का ते लगेच कळतं. फोन बाहेरूनच, १०१ किंवा ११२ वर. पेठेचं नाव, जवळचं तालीम मंडळ, मजला, आत कुणी आहे का आणि सिलिंडर किती, एवढं सांगा. मग एकाला गल्लीच्या तोंडाशी उभं करा आणि बंब यायच्या आत तिथल्या मोटारसायकली हलवून घ्या.