बीटल्सच्या गिटारींचा माग

बीटल्स या इंग्लिश बँडनं वाजवलेल्या जुन्या इलेक्ट्रिक गिटारी पुढं कुठं गेल्या, कुणाकुणाच्या हातातून फिरल्या, आणि आज कुणी "ही तीच" म्हणून एखादी समोर आणली तर ती खरंच तीच आहे का, हे शोधून काढायचं काम म्हणजे गिटारींचा माग काढणं. अँडी बाब्युक हा अमेरिकन संगीतकार यातला मोठा जाणकार, बँडच्या वाद्यांचा हिशेब त्यानं वर्षानुवर्षं खपून लावलाय. काम किचकट आहे कारण त्या पोरांनी गिटारी काही कपाटात जपून ठेवल्या नव्हत्या, वाजवायच्या, गाडीत टाकून गावोगाव न्यायच्या, मन झालं की मित्राला देऊन टाकायच्या, पुढं त्यांना लाखो डॉलर येतील हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

ओळख पटवायला पहिला आधार सिरीयल नंबरचा, पण खरी साक्ष लाकूड देतं. पॉलिशखालून लाकूड दिसत असेल तर त्यावरच्या रेघा आणि गाठी दुसऱ्या कुठल्याच गिटारवर तशाच्या तशा येत नाहीत, मिरजेच्या तंबोऱ्याचे दोन भोपळे कधी हुबेहूब नसतात तसंच आहे हे. मग जुना फोटो मोठा करायचा, आजची गिटार त्याच कोनातून बघायची आणि एकेक रेघ जुळवत जायचं. ओरखड्यांचं जरा जपून, कारण नवा ओरखडा कधीही पडू शकतो, पण १९६३ च्या फोटोतला खोल टवका आज दिसत नसेल तर एक तर दुरुस्ती झालीये नाहीतर गिटारच वेगळी आहे.

बँडमधल्या जॉन लेननची गिब्सन कंपनीची जे-१६०ई अशीच सापडली. ही दिसायला अकुस्टिक (विजेशिवाय वाजणारी) पण आत पिकअप, म्हणजे तारांचा आवाज विजेवर पकडणारा भाग, बसवलेली गिटार, जॉन आणि बँडमधलाच जॉर्ज हॅरिसन दोघांनी सप्टेंबर १९६२ मध्ये लिव्हरपूलच्या दुकानातून एकेक घेतली होती. जॉनची गिटार १९६३ च्या डिसेंबरात लंडनच्या फिन्सबरी पार्कमधल्या ख्रिसमस शोच्या वेळी गायब झाली. नंतर ती अमेरिकेत सॅन डिएगोला एका गिटारवाल्यानं १७५ डॉलरला सेकंडहँड घेतली आणि कितीतरी वर्षं आरामात वाजवली, आपल्या हातात काय आहे याचा त्याला पत्ताच नाही! पुढं जॉर्जच्या गिटारींवरचा एक लेख वाचताना शंका आली, मग बाब्युकनं नंबर आणि लाकडाच्या रेघा जुळवल्या आणि २०१५ मध्ये लिलावात तिला २४ लाख डॉलर आले.

सगळ्यात जास्त जीव लागतो तो बँडमधल्याच पॉल मॅकार्टनीच्या हॉफ्नर कंपनीच्या ५००/१ बेसच्या, म्हणजे खर्जाच्या गिटारच्या गोष्टीत. १९६१ मध्ये हॅम्बुर्गला साधारण ३० पौंडांना घेतलेला, व्हायोलिनच्या आकाराचा. पॉल डावखुरा, आणि हा बेस दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळं उलटा धरला तरी विचित्र दिसत नाही म्हणून त्याला आवडला. १९६३ मध्ये त्याला दुसरा हॉफ्नर मिळाला आणि लोक कायम या दोघांत घोटाळा करतात. ओळखायची खूण सोपी आहे, पहिल्याचे दोन्ही पिकअप मानेकडं जवळजवळ बसवलेले, दुसऱ्याचे लांब लांब. शिवाय पहिला १९६४ मध्ये दुरुस्तीला गेला तेव्हा नवा गडद रंग मिळाला आणि पिकअपभोवती लाकडी चौकट आली, त्यामुळं आधीचे आणि नंतरचे फोटो बघितले तर दोन वेगळे बेस वाटतात. ऑक्टोबर १९७२ मध्ये लंडनला नॉटिंग हिल भागात उभ्या व्हॅनमधून तो चोरीला गेला आणि पन्नास वर्षं गायब. हॉफ्नरमध्ये काम केलेला निक वास आणि स्कॉट व नेओमी जोन्स हे पत्रकार जोडपं, यांनी शोध लावून धरला, लोकांना आवाहन केलं आणि २०२३ मध्ये तो इंग्लंडमधल्या ससेक्समध्ये एका घराच्या माळ्यावर निघाला. मोडकळीला आलेला, पण होता! दुरुस्त करून पॉलनं तो डिसेंबर २०२४ मध्ये लंडनच्या कार्यक्रमात पुन्हा वाजवला.

जॉर्जची 'ल्यूसी' ही गिब्सनची लेस पॉल प्रकारची लाल गिटार मूळची १९५७ ची सोनेरी, नंतर लाल केलेली, १९६८ मध्ये एरिक क्लॅप्टन या गिटारवादकानं त्याला दिली. १९७३ मध्ये बेव्हर्ली हिल्सच्या घरातून चोरीला गेली आणि दुकानामार्गे मेक्सिकोच्या एका संगीतकाराकडं पोचली. तो नुसती परत द्यायला तयार होईना, शेवटी जॉर्जनं बदल्यात १९५८ ची एक लेस पॉल आणि एक फेंडर बेस दिला.

बाकीच्यांची वाट इतकी अवघड नाही. बीटल्सच्या लंडनमधल्या गच्चीवरच्या कार्यक्रमात जॉर्जच्या हातात दिसते ती फेंडरची शिसवी टेलिकास्टर गिटार त्यानं १९६९ मध्ये डिलेनी ब्रॅमलेट या अमेरिकन संगीतकाराला दिली होती, २००३ च्या लिलावात ती हॅरिसन कुटुंबाकडं परत आली. त्याचीच ग्रेच कंपनीची ड्युओ जेट बरीच वर्षं बँडचा जर्मन मित्र क्लाऊस फोरमानकडं राहिली आणि मग जॉर्जकडं परतली.

एका ग्रेचचा माग मात्र रस्त्यातच संपतो. डिसेंबर १९६५ मध्ये टूरसाठी स्कॉटलंडकडं जाताना गाडीला बाहेरून बांधलेली जॉर्जची गिटार सुटून रस्त्यावर पडली आणि मागून येणाऱ्या गाडीखाली तिचे तुकडे झाले.