टाळूवरचे लाल ठिपके

"मी धूर छातीत घेत नाही, तोंडातल्या तोंडात घोळवून सोडून देतो." पाइप ओढणारे हे मनापासून सांगतात आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही असतं. पण धूर फुप्फुसांपर्यंत जातच नसेल, तर तलफ भागते कशी?

याचं उत्तर तंबाखू मळणाऱ्या हातात सापडतं. पारावर बसलेला माणूस तळहातावर चिमूटभर तंबाखू घेतो, डबीतला चुना नखाने काढून तिला लावतो, अंगठ्याने मळ मळ मळतो, थापटून भुकटी उडवतो आणि चिमूट ओठाआड ठेवतो. तो चुना नुसता चवीसाठी नसतो. पानातलं निकोटिन आम्लांशी बांधलेलं असतं. चुना अल्कधर्मी असल्यामुळे ते सुटं होतं आणि तोंडाच्या ओल्या, नाजूक अस्तरातून पार होऊन रक्तात उतरतं. पाइपच्या बऱ्याचशा तंबाखूचा धूर मुळातच अल्कधर्मी असतो, त्यामुळे चुन्याचं काम तिथे आपोआप होतं. सिगारेटचा धूर मात्र सहसा आम्लधर्मी असतो. तोंडात तो फारसा मुरत नाही, म्हणून झुरका खोल ओढावा लागतो. माझ्या मते पाइपची तुलना सिगारेटशी करण्याआधी ती मळलेल्या तंबाखूशी करायला हवी.

मग फुप्फुसं वाचतात का? काही अंशी. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने १९८२ पासून १८ वर्षं लाखो लोकांची नोंद ठेवली. त्यांतले १५ हजारांहून जास्त पुरुष आयुष्यात फक्त पाइपच ओढलेले होते. तंबाखूला कधीच न शिवलेल्यांच्या तुलनेत, त्यांतल्या अजून पाइप ओढत असलेल्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचं प्रमाण ५ पट निघालं. सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत ते २० पटींच्या वर जातं. फरक मोठा आहे, हे मान्य. पण याच पाइपवाल्यांत स्वरयंत्राच्या कर्करोगाचे मृत्यू १३ पट होते, तोंड आणि घशाच्या कर्करोगाचे जवळपास ४ पट. हृदयविकाराचे मृत्यूही सुमारे ३० टक्क्यांनी जास्त. पाइपची नळी जिथे टेकते त्या ओठाच्या कर्करोगाचा संबंध तर अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, अहवालाने १९६४ सालीच मांडला होता.

सिगारेट सोडून पाइपकडे वळणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. ब्रिटनमधल्या २१ हजारांवर पुरुषांच्या अभ्यासात अशांच्या रक्तातला कार्बन मोनॉक्साइड मोजला होता; धूर किती आत ओढला जातो, हे त्यावरून कळतं. पहिल्यापासून पाइप किंवा सिगार ओढणाऱ्यांपेक्षा तो थोडा जास्त भरला, आणि तंबाखू मात्र दोघे सारखीच ओढत होते. सिगारेट सुटून वीसहून जास्त वर्षं झाली होती, तरी धूर आत ओढण्याची सवय थोडीफार उरलीच होती. सिगारेटवर कायम राहिलेल्यांपेक्षा त्यांचा धोका कमी झाला, पण कधीच न ओढणाऱ्यांच्या पातळीला तो आला नाही.

पाइप ओढणाऱ्याने आरशासमोर आ करून, टॉर्च धरून स्वतःची टाळू बघावी. वर्षानुवर्षांच्या गरम धुराने ती पांढुरकी, जाडसर होते आणि तिच्यावर बारीक लाल ठिपके उठतात. लाळेच्या छोट्या ग्रंथींची ती सुजलेली तोंडं. दंतवैद्य याला निकोटिन स्टोमॅटायटिस म्हणतात. पाइप सुटला की बहुधा काही आठवड्यांत टाळू पुन्हा गुलाबी होते. त्यानंतरही पांढरा चट्टा तसाच राहिला, तर दंतवैद्य तिथला तुकडा काढून तपासायला पाठवतात.