मासे हलवण्याआधी गाळणी हलवा

फिश टँकच्या गाळणीतला, म्हणजे फिल्टरमधला, जुना स्पंज हातात घेऊन पिळला, की बादलीत चहाच्या रंगाचं पाणी उतरतं आणि ओल्या मातीसारखा वास येतो. बघणाऱ्याला ती घाण वाटते. नवी मोठी टाकी आणली आहे, काच लखलखीत आहे, मग हा मळका स्पंज त्यात कशाला, म्हणून तो नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत धुतला जातो. जुने खडेही तसेच चोळून काढतात. सगळं स्वच्छ होतं, मासे नव्या घरात जातात आणि पाचव्या-सहाव्या दिवशी पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागतात.

काही वर्षांपूर्वी माझ्या घरी अगदी हेच झालं. दुकानदाराने सांगितलं, ऑक्सिजन कमी पडतोय. मी दुसरा एअर पंप लावला. टाकीभर बुडबुडे होते, हवेला तोटा नव्हता, तरी चारपैकी दोन गोल्डफिश गेले. त्यांचे कल्ले काठाला लालभडक झाले होते, ते अजून डोळ्यांसमोर आहेत. कमी पडला होता तो ऑक्सिजन नव्हता. मी धुऊन टाकली होती ती एक जिवंत वस्ती होती.

मासा आपल्यासारखा युरिया करत बसत नाही. खाल्लेल्या प्रथिनांतला नको असलेला नायट्रोजन तो मुख्यतः कल्ल्यांवाटे, अमोनियाच्या रूपात, सरळ पाण्यात सोडतो. नदीत तो वाहून जातो. काचेच्या टाकीत तो साठतो आणि माशाचेच कल्ले जाळतो. टाकीत मासे जगतात ते त्या तपकिरी स्पंजावर चिकटून राहणाऱ्या जिवाणूंमुळे. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही वाईटच. ते रक्तात शिरून हिमोग्लोबिन निकामी करतं, रक्त तपकिरी पडतं आणि पाण्यात भरपूर ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. नायट्रेट मात्र मासे बऱ्यापैकी सोसतात. आठवड्याला थोडं पाणी बदललं की ते आटोक्यात राहतं.

हे जिवाणू 1890 च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने झ्युरिचमध्ये वेगळे करून दाखवले. घरगुती टाकीतली त्यांची ओळख पटायला मात्र आणखी शंभर वर्षं लागली. नायट्राइट संपवण्याचं काम नायट्रोबॅक्टर करतो असं सगळे धरून चालले होते. 1998 मध्ये दिसलं की गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते नायट्रोस्पायरा करतो. 2015 मध्ये तर अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंतचा सगळा प्रवास एकट्याने करणारे नायट्रोस्पायरा सापडले, आणि त्यातले काही मत्स्यपालनाच्या पाण्याच्या गाळणीत होते. मला याचं फार अप्रूप वाटतं. इतकी वर्षं ते माशांच्या पाण्यातच काम करत होते.

हे जिवाणू फार सावकाश वाढतात. पोटातला ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. यांना कित्येक तास, कधी दिवसभर लागतो. म्हणून कोऱ्या टाकीत ही वस्ती उभी राहायला चार ते सहा आठवडे जातात. शिवाय ते पाण्यात तरंगत नाहीत, पृष्ठभागाला धरून राहतात. जुनं पाणी ओतलं की जिवाणू आपोआप येतात, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. ते येतात स्पंजाबरोबर, खड्यांबरोबर, गाळणीतल्या चिनीमातीच्या कड्यांबरोबर.

यातली दिलासा देणारी गोष्ट अशी, की वस्तीचा आकार ठरतो तो अन्नावर. टाकी केवढी आहे याला फारसं महत्त्व नाही. दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत सुमारे 42 लिटर पाणी मावतं. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत सुमारे 190 लिटर. पाणी साडेचार पट झालं तरी मासे तेवढेच आणि त्यांचा अमोनियाही तेवढाच. जुना स्पंज जिवंत पोहोचला, तर नवी टाकी पहिल्याच दिवशी तयार असते. मोठी गाळणी आधी आणून तीन-चार आठवडे जुन्या टाकीतच चालवली, तर उत्तमच. ते जमत नसेल तर जुनी गाळणी तशीच्या तशी नव्या टाकीत लावावी, नवीच्या शेजारी. हलवताना स्पंज टाकीच्याच पाण्यात बुडवून ठेवावा आणि तासाभरात पुन्हा चालू करावा, कारण या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो. दिवसभर वीज गेली तर बंद डब्याची गाळणी आतून कुजते, तेही याच कारणाने.

दुसरा धोका आणखी छुपा आहे. जिवाणू अमोनिया पचवतात तेव्हा आम्ल तयार होतं. महिनोन् महिने पाणी नीट न बदललेल्या छोट्या टाकीचा सामू, म्हणजे पीएच, हळूहळू खाली जातो. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो: एक विषारी, दुसरं अमोनियम, जे त्यामानाने निरुपद्रवी. कुठलं किती, हे सामू ठरवतो. 25 अंशांच्या पाण्यात सामू 6.5 असेल तर विषारी वाटा 0.2 टक्क्यांहूनही कमी असतो. सामू 8 झाला की तो 5 टक्क्यांच्या वर जातो. तेवढ्याच अमोनियाचं विष तीसपट! जुनं पाणी अर्धंअधिक भरून त्यावर जास्त सामूचं ताजं पाणी ओतलं, की हेच होऊ शकतं. तोवर ‘मजेत’ असलेले मासे तासाभरात आडवे होतात आणि दोष नव्या टाकीवर येतो.

म्हणून तयारी जुन्या टाकीतच सुरू करावी. थेंब टाकून तपासायचा संच आणून अमोनिया आणि सामू दोन्ही बघावेत. मग आठ-दहा दिवस रोज दहावा हिस्सा पाणी काढून, नव्या टाकीत जे भरणार तेच पाणी घालावं. ‘तेच’ यावर माझा जोर आहे. शहरातल्या सोसायट्यांत सोमवारी धरणाचं मऊ पाणी असतं आणि गुरुवारी टँकरमधून बोअरचं, कॅल्शियम-मॅग्नेशियमने जड झालेलं. गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त भोवतालच्या पाण्याहून खारट असतं. पाणी त्याच्या अंगात सतत शिरत असतं आणि तो ते लघवीवाटे सतत बाहेर टाकत, कल्ल्यांतून क्षार ओढून घेत जगतो. पाणी एकदम बदललं की हा तोल सावरताना त्याची दमछाक होते. नळाच्या पाण्यातलं क्लोरीनही विसरू नये. अँटीक्लोरीन म्हणून मिळतं ते सहसा सोडियम थायोसल्फेट असतं आणि ते क्लोरीन लगेच मारतं. तापमानाचंही भान हवं: मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी थेट भरू नये.

टाकी रिकामी असतानाच जागेवर ठेवावी, खाली थर्माकोलचा पत्रा घालावा. भरल्यावर 190 किलो नुसतं पाणीच होतं.

माशांना आदल्या दिवशी खायला देऊ नये. पोट रिकामं असेल तर घाण कमी. दिवे बंद करावेत, पाणी एक-तृतीयांशावर आणावं आणि जाळीऐवजी मोठं भांडं पाण्यात तिरकं बुडवून मासा त्यात वळवावा. माशाच्या अंगावरची बुळबुळीत साय ही त्याची रोगांविरुद्धची पहिली भिंत आहे, जाळीने ती खरवडली जाते. मग भांडं नव्या टाकीत तरंगत ठेवून, वाटीवाटीने नवं पाणी घालत अर्धा तास द्यावा. झाकण मात्र हवं. घाबरलेला मासा उडी मारतो.

माझ्या उरलेल्या दोन गोल्डफिशना मी गेल्या वर्षी असंच हलवलं. मळका स्पंज आधी गेला, मासे नंतर. पहिले दोन तास दोघं एका कोपऱ्यात तळाशी चिकटून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन-चारच दाणे टाकले, नेहमीच्या निम्म्याहून कमी. पुढे दहा दिवस रोज अमोनिया तपासला. नळीतलं पाणी पिवळंच राहिलं, अमोनिया दाखवणारी हिरवी छटा आली नाही. तिसऱ्या संध्याकाळी मोठा मासा टाकीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळण न घेता सरळ पोहत गेला. जुन्या टाकीत त्याला तेवढी जागाच नव्हती.