मीटरवर २.९ व्होल्ट, तरी गाडी उघडेना

गेल्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात, दोन्ही हातात पिशव्या, वरून पाऊस, आणि गाडीचा रिमोट दाबतोय तर काहीच नाही. अगदी दाराला टेकवून दाबला तेव्हा कुठे लॉक उघडलं. घरी आल्यावर सेल काढून मल्टिमीटर लावला तर २.९ व्होल्ट! सेलवर लिहिलंय ३, मग हा चांगलाच आहे असं कुणालाही वाटेल, आणि इथेच लोक रिमोटच गेला समजून नवा करायला धावतात, उगाच हजारो रुपये जातात.

त्याचं असं आहे की रिमोट नुसता पडून असतो तेव्हा करंट जवळजवळ खातच नाही, पण बटण दाबलं की रेडिओ लहरी सोडायला (आपल्याकडे बहुतेक ४३३ मेगाहर्ट्झच्या) त्याला क्षणभर एकदम १० मिलिअँपिअरच्या आसपास लागतात. सेलमध्ये लिथियम इलेक्ट्रॉन सोडतं आणि त्याचे आयन पलीकडच्या मँगनीज डायऑक्साइडमध्ये शिरून बसतात. आधी भरपूर जागा असते, मग शिरायला अडचण होत जाते, म्हणजे सेलचा आतला रेझिस्टन्स वाढतो. समजा तो ८० ओहम झाला, तर १० मिलिअँपिअर ओढल्यावर ०.८ व्होल्ट आतच खर्च, रिमोटला उरले २.१, आणि तेवढे त्याला पुरत नाहीत. मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही म्हणून त्याला २.९ दिसतात. टाकी भरलेली पण पाइपात क्षार साचलाय, तसंच.

बदलणं पाच मिनिटांचं काम. आधी जुन्या सेलवरचा नंबर वाचा: सीआर२०३२ म्हणजे २० मिलिमीटर रुंद, ३.२ जाड, २०२५ असेल तर जाडी २.५, एकाच्या जागी दुसरा घातला तर रिमोटमधल्या धातूच्या पत्र्याला नीट टेकत नाही किंवा बसतच नाही. अधिकची बाजू कुठे होती त्याचा फोटो काढून ठेवा. आणि आपल्याकडची खारी दमट हवा लक्षात घेऊन ते पत्रे नक्की बघा, माझ्या रिमोटच्या एका पत्र्यावर हिरवट थर आला होता, खोडरबरने हलकेच घासला, कोरड्या फडक्याने पुसला आणि मगच नवा सेल बसवला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काढलेला सेल टेबलावर ठेवू नका, घरात लहान मूल असेल तर अजिबातच नको. रिमोटला न पुरणारे तेच व्होल्ट घशात अडकल्यावर भरपूर होतात, ओल्या जागेत करंट वाहतो, ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते आणि २ तासांत अन्ननलिका भाजू शकते. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा, एक्स-रे काढायला सांगा. जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि ई-कचऱ्यात देईपर्यंत मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवा.