लांब फेकायचा उजेड आणि वितीवरचा किडा: जुन्या कॅमेऱ्यांच्या फ्लॅशची पार्श्वभूमी

पावसाळ्यात घोडबंदर रोडच्या ओवळेकर वाडीत किंवा येऊरच्या पायथ्याशी गेलं, की डिजिटलवाल्यांच्या घोळक्यात हल्ली एखादा पेंटॅक्स के-१००० किंवा झेनिट दिसतोच. वडिलांच्या कपाटातून निघालेला, पट्टा तेवढा नवा. कॅमेरा चालतो, रोल महाग असला तरी मिळतो, लेन्स पुढे सरकवून किडा मोठा दाखवणाऱ्या नळ्या, म्हणजे एक्स्टेंशन ट्यूब, मुंबईच्या बोरा बाजारात हिंडलं की सापडतात. घोडं अडतं ते फ्लॅशपाशी. ‘मोठ्यात मोठा घेऊन टाकू, उजेड कमी पडायला नको’ असं म्हणून माणूस किलोभराची फ्लॅशगन घेऊन येतो, आणि मुंगीचा फोटो पांढराफटक निघतो.

मुळात फ्लॅश लागतोच का? किडा फिल्मवर त्याच्या खऱ्या आकाराएवढा आणायचा, म्हणजे एकास एक, तर लेन्स बरीच पुढे सरकवावी लागते. त्यात दोन स्टॉप उजेड जातो; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. लेन्सच्या उजेड येण्याच्या छिद्राचा आकडा एफ/११ असला तरी फिल्मच्या दृष्टीने ते एफ/२२ असतं; आकडा मोठा तितकं छिद्र बारीक. डोळ्यापासून शेपटापर्यंत स्पष्टता हवी म्हणून हे छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर आधीच बारीक केलेलं, त्यात १०० आयएसओचा, म्हणजे कमी वेगाचा, रोल आणि येऊरच्या झाडीतला आषाढातला अंधार. शटर थेट सेकंदाच्या घरात जातं, आणि पान तर हलतच असतं.

फ्लॅशचा जन्म मात्र लांबच्या गोष्टींसाठी झाला. १८८७ मध्ये जर्मनीत आडोल्फ मीटे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमची पूड आणि पोटॅशियम क्लोरेट यांचं मिश्रण पेटवून लख्ख उजेड पाडला. खोलीभर धूर, कपड्यांवर राख, क्वचित भाजलेले हात. १९२९-३० च्या सुमारास हाच जाळ काचेत बंद झाला. ऑक्सिजन भरलेल्या बल्बात अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा जळायचा आणि एका फोटोला एक बल्ब खर्ची पडायचा. बातमीदारांना सभा, मिरवणूक, अपघात टिपायचे होते. उजेड जितका लांब जाईल तितका चांगला.

बल्बच्या त्या काळाची एक खूण आजही जुन्या कॅमेऱ्यांवर आहे, आणि नवशिक्याला सगळ्यात जास्त तीच नडते. बल्ब पेटून भरात यायला साधारण २० मिलिसेकंद लागत. म्हणून शटर उघडण्याआधीच त्याला ठिणगी द्यायची सोय केली, ते ‘एम’ सिंक; सिंक म्हणजे शटर आणि फ्लॅश यांचा मेळ. फिल्मपुढून दोन पडदे सरकणारं, म्हणजे पडद्याचं शटर असलेल्या कॅमेऱ्यांसाठी जास्त वेळ जळणारे ‘एफपी’ बल्ब निघाले. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशला असा वेळ लागत नाही, तो शटर पूर्ण उघडल्यावर पेटायला हवा, त्याचं नाव ‘एक्स’. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकवर एफपी आणि एक्स ही दोन छिद्रं शेजारी शेजारी आहेत. वायर चुकून एफपीमध्ये गेली तर फ्लॅश डोळ्यांदेखत चमकतो आणि निगेटिव्ह कोरी निघते, कारण उजेड पडला तेव्हा पडदा बंद होता.

इलेक्ट्रॉनिक फ्लॅशचं श्रेय मुख्यतः अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या हॅरल्ड एजर्टन यांना जातं. १९३१ पासून त्यांनी वायूने भरलेल्या नळीतून कपॅसिटरचा विजेचा साठा एका झटक्यात सोडायला सुरुवात केली. उजेड सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळ टिकत असल्याने फडफडतं पंखही गोठतं. पडद्याच्या शटरची अडचण मात्र तशीच राहिली: ठरावीक वेगापर्यंतच पूर्ण फ्रेम एकदम उघडी असते, आणि फ्लॅश तेवढ्यापुरताच चालतो. झेनिट-ईला १/३०, स्पॉटमॅटिक आणि के-१००० ला १/६०. त्याहून जलद शटर लावलं तर फ्रेमचा काही भाग काळा. त्या काळी लग्नाच्या मांडवात दिसणाऱ्या यॅशिका मॅटचं शटर लेन्समध्येच असल्याने तिला १/५०० लाही फ्लॅश चालायचा. पण लेन्सही पक्की बसवलेली, त्यामुळे किड्यापर्यंत पोचायचं कसं हा प्रश्न उरायचाच.

जवळच्या फोटोंसाठी वेगळा फ्लॅश करण्याचा विचार आला तो दवाखान्यातून. १९५० च्या दशकात अमेरिकेत लेस्टर डाइन यांनी दातांच्या फोटोंसाठी लेन्सभोवती बसणारा रिंग फ्लॅश आणला. तोंडात सावली पडू नये एवढाच हेतू. १९६२ मध्ये निकॉनने मेडिकल-निक्कोर २०० मिमी काढली. तिच्या तोंडाशीच रिंग फ्लॅश होता, आणि फिल्मचा वेग व हवा तो आकार फिरवून लावला की अ‍ॅपर्चर आपोआप ठरायचं. डॉक्टरांना गणितातून सुटका हवी होती. दाढेला ही व्यवस्था उत्तम. भुंग्याच्या पाठीवर मात्र चकचकीत कडं उमटतं आणि अंगावरची खरखर सपाट होऊन जाते. ‘मॅक्रो’, म्हणजे अगदी जवळून काढलेले फोटो, म्हटलं की लोक आधी रिंग फ्लॅश शोधायला निघतात, ते मला कधीच पटलेलं नाही.

१९७५ च्या ऑलिंपस ओएम-२ ने खरी गाठ सोडवली. फिल्मच्या पृष्ठभागावरून परतणारा उजेड कॅमेरा आतूनच मोजायचा आणि पुरेसा झाला की जोडीचा फ्लॅश बंद करायचा. ट्यूब लावा, बेलोज (लेन्स पुढे सरकवणारा घडीचा भाता) लावा, हिशेब त्याचा तो करतो. घरात ओएम-२ आणि त्याचाच फ्लॅश सापडला असेल, तर पुढचं वाचायची तशी गरज नाही.

बाकीच्यांना गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा, धरून चालावं लागतं. गाइड नंबर भागिले अ‍ॅपर्चर म्हणजे फ्लॅश आणि वस्तू यांतलं अंतर. एकास एकला अ‍ॅपर्चर फिल्मच्या बाजूने धरायचं, म्हणजे लेन्सवर ११ असलं तर २२. व्हिव्हिटार २८३ सारख्या दमदार गनचा नंबर मीटरमध्ये ३६ च्या आसपास, तोही १०० आयएसओला. ३६ ला २२ ने भागलं की १.६ मीटर. किडा लेन्सपासून वितीवर आणि फ्लॅश पलीकडच्या झाडाशी! तेच १० नंबरचा खिशात मावणारा फ्लॅश घेतला तर अंतर ४५ सेंटीमीटर, पुढे पातळ पांढरं कापड लावून एक स्टॉप घालवला तर ३२. कॅमेऱ्याला जोडायच्या पट्टीवर (ब्रॅकेट), लेन्सच्या किंचित वर आणि बाजूला धरायला हे अंतर नेमकं आहे. लोक कमजोर म्हणून टाकून देतात तोच फ्लॅश इथे कामाचा. कंपन्या नंबर जरा फुगवूनच छापत, त्यामुळे एक रोल चाचणीत घालवणं आलंच.

परतणारा उजेड मोजून आपणहून बंद होणाऱ्या ऑटो फ्लॅशचा सेन्सर गनवर असतो. इतक्या जवळून तो किड्याऐवजी मागची पानं बघतो, आणि किड्याकडे पाहिलंच तरी फसतो. २०१५ पासून राज्य फुलपाखरू असलेल्या ब्लू मॉरमॉनचे पंख जवळपास काळे. सेन्सरला वाटतं उजेड कमी पडला, म्हणून तो जास्त सोडतो आणि निळे पट्टे उडून जातात. म्हणून मॅन्युअल, म्हणजे हिशेब आपला आपणच करायचा.

जुनी गन घेताना सेलचा कप्पा आधी उघडावा. ठाण्याच्या दमट हवेत विसरलेले सेल फुटून हिरवट गंज चढलेला असतो. वर्षानुवर्षं पडून राहिलेला कपॅसिटर सुस्तावतो. पहिल्या दिवशी चार्ज करून, थांबून, पुन्हा चार्ज करत त्याला जागं करावं. पण गन खोलू नये, आत तीनशे व्होल्टच्या आसपास साठा असू शकतो. काही जुन्या गन कॅमेऱ्याच्या संपर्कावरही दोनशेच्या वर व्होल्ट टाकतात. के-१००० च्या धातूच्या संपर्काला ते सोसतं, पण तीच गन मोह होऊन डिजिटलवर चढवली तर महागात पडू शकतं.

राहता राहिला रोल. रंगीत निगेटिव्ह असेल तर शंका आल्यावर अ‍ॅपर्चर एक घर उघडं ठेवावं. स्लाइडच्या रोलला, ज्यात थेट सरळ चित्र उमटतं, तेवढी मुभा नाही. तिथे एकाच किड्याचे तीन वेगवेगळ्या अ‍ॅपर्चरवर तीन फोटो काढावे लागतात, किडा तेवढा वेळ थांबला तर.