ओव्हरक्लॉक केलेलं मशीन दुरुस्तीला आणताय? आधी सेटिंग पुसू नका

कॉम्प्युटर मध्येच रिस्टार्ट होतोय, निळा स्क्रीन येतोय, अशी तक्रार घेऊन येणारे बरेच जण निघण्यापूर्वी घरीच सीमॉस (बोर्डावरची सेटिंग साठवणारी मेमरी) रीसेट करतात. कुणी बोर्डावरचा सेल काढून परत घालतं. ओव्हरक्लॉक केल्याचं, म्हणजे प्रोसेसर ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवल्याचं, कळलं तर आम्ही बोलू, अशी काहींना धास्ती असते. बोलणार नाही. पण रीसेट केलंत की आम्हाला शोधायची असते ती खूणच जाते.

एक नेहमीचा प्रकार सांगतो. कोअर आय५-२५००के, २०११ सालचा प्रोसेसर. आमच्या टेबलावर दोन दिवस लोड दिला, एकही एरर नाही. रॅम तपासली, डिस्क तपासली, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बदलून पाहिला. मशीन परत दिलं आणि संध्याकाळी फोन आला: "परत तेच!" घरी गेल्यावर ४.५ गिगाहर्ट्झचं जुनं प्रोफाइल लोड केलेलं होतं. बऱ्याच मदरबोर्डांवर सीमॉस पुसला तरी सेव्ह केलेली प्रोफाइलं शाबूत राहतात. आमचे दोन दिवस गेले, तुमचेही गेले, वर तपासणीचा खर्च.

म्हणून बायोसमधल्या (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगच्या मेनूतल्या) मल्टिप्लायर (वेगाचा गुणक), व्होल्टेज आणि रॅमच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा आणि मशीन आहे तसं आणा. निळ्या स्क्रीनचाही फोटो असेल तर उत्तम. कोडच्या शेवटी १२४ किंवा १०१ असेल, तर आमचा पहिला संशय प्रोसेसरला कमी पडणाऱ्या व्होल्टेजवर जातो.

"पण तीन वर्षं याच सेटिंगवर चालत होतं." हे आम्ही रोज ऐकतो, आणि ते खरंही असतं. तीन वर्षांत थर्मल पेस्ट सुकते, कूलरच्या पात्यांत धूळ बसते, एसएमपीएसमधले कॅपॅसिटर थकतात. जास्त व्होल्टेज आणि उष्णतेत चिपही हळूहळू झिजते, मग त्याच वेगाला तिला थोडं जास्त व्होल्टेज लागतं. तेव्हा काठावर बसवलेलं सेटिंग आता काठाबाहेर गेलेलं असतं.

इथे व्होल्टेज 'ऑटो'वर सोडणं हा सोपा, पण महागाचा उपाय. बोर्ड सुरक्षित बाजूला राहायला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देतो. वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३.३ वरून ४.५ गिगाहर्ट्झवर जाताना व्होल्टेज १.२० वरून १.३५ केलंत, तर वेग ३६ टक्के वाढतो आणि उष्णता जवळपास ७० टक्के. प्रोसेसरसोबत आलेल्या कूलरकडून ती अपेक्षा करू नये.

आमची पद्धत सावकाशीची आहे, हे मान्य. आधी सगळं मूळ सेटिंगवर आणून मशीन निरोगी आहे का ते बघतो. मग रॅमला हात न लावता मल्टिप्लायर एकेका पायरीने वाढवतो. प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी चाचणी) रात्रभर चालतं, कारण दहा मिनिटांत पास झालेलं मशीन चौथ्या तासाला पडताना आम्ही पाहिलंय. सकाळी विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअरही उघडतो: तिथे हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या डब्ल्यूएचईए-लॉगरच्या १९ क्रमांकाच्या नोंदी असतील, तर मशीन बंद पडलं नसलं तरी चुका सावरत कसंबसं चाललंय, असं समजायचं. त्यामुळे आधीच "इतके गिगाहर्ट्झ देतो" असा शब्द आम्ही देत नाही. एकाच मॉडेलच्या दोन चिपाही सारख्या निघत नाहीत.

२५००केच्या पिढीतला, पण नावात 'के' नसलेला (मल्टिप्लायर मोकळा नसलेला) प्रोसेसर किंवा मल्टिप्लायर वाढवू न देणारा एच६१ बोर्ड असेल, तर या कामावर पैसे घालू नका. त्या पिढीत बेस क्लॉक (मल्टिप्लायरने ज्याला गुणतात तो मूळ वेग) वाढवला की इतर भागांचे क्लॉकही सोबत सरकतात, आणि पाच टक्क्यांच्या आसपासच कुरकुर सुरू होते. तिथे एसएसडी बसवून घ्या, फरक लगेच जाणवेल. तेही आम्ही करून देतो.

आणि येताना कूलर काढू नका. पेस्टचा ठसा नीट बसलाय का, हे काढतानाच एकदा बघायला मिळतं.