जुन्या रॉक बँडची ‘घरबसल्या कमाई’

‘जुन्या रॉक बँडना गाणं वाजलं की घरबसल्या रॉयल्टी मिळते, तरी सत्तरीत दौरे काढतात ती निव्वळ हाव,’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. पटतो, कारण गाणं त्यांचंच असतं ना.

पण एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात: रचनेचा आणि ध्वनिमुद्रणाचा. रचनेचे पैसे लिहिणाऱ्याला आणि चाल बांधणाऱ्याला. ड्रमरचं नाव तिथे नसेल तर त्याला त्यातला छदामही नाही. ध्वनिमुद्रण बहुधा रेकॉर्ड कंपनीच्या मालकीचं. बँडचा वाटा सुरू होतो तो आधी घेतलेली उचल फिटल्यावरच. अमेरिकेत तर साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं तरी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना काही द्यावं लागत नाही, पैसे रचनेच्या बाजूलाच जातात. त्यामुळे एकाच बँडमध्ये एकाचा बंगला आणि दुसऱ्याची ओढाताण, असंही होतं.

पडताळायचंय? १९७५ नंतरची एखादी एलपी, म्हणजे गाण्यांची मोठी तबकडी, हातात घ्या. तबकडीच्या मधल्या गोल लेबलवर गाण्याखाली बारीक अक्षरांत, बहुतेकदा कंसात, रचनाकारांची नावं असतात. कव्हरमागे किंवा लेबलच्या कडेला वर्तुळातल्या ‘पी’पुढे साल आणि ध्वनिमुद्रणाच्या मालकाचं नाव.

दौरे पैशांसाठी असतातच. तिकिटं आणि टी-शर्टवरच अनेकांचं घर चालतं. त्यावरून कला संपली असं मात्र ठरत नाही. कार्यक्रमातल्या गाण्यांची यादी बघा: नवी गाणी मधेमधे पेरलेली, गाजलेली शेवटाला राखलेली. नवं एकही नसेल, तर तक्रार रास्त आहे.